कूपन, ताट आणि हिशेब : शहरी वस्तीतल्या खाद्यमेळ्यांकडे पाहताना

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच मुंबई-ठाण्याच्या वस्त्यांत पत्रके दिसू लागतात. 'खाद्यमेळा', 'आनंदमेळा', 'खाऊगल्ली', 'घरगुती पदार्थांची जत्रा' अशी त्यांवर नावे असतात. मार्गशीर्षापासून शिमग्यापर्यंत हा मोसम चालतो. पत्रकावर मोदकाचे किंवा मिसळीचे रंगीत चित्र असते, वेळ संध्याकाळी पाच ते दहाची असते आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते : 'जमा होणारा निधी मंडळाच्या सामाजिक कार्यासाठी वापरला जाईल.' प्रस्तुत लेख त्या तळच्या ओळीविषयी आहे. निधी जमा होतो म्हणजे नेमके काय होते, तो कोणाच्या खिशातून आणि कोणाच्या कष्टांतून येतो, आणि ज्याला आपण 'वस्तीचा मेळा' म्हणतो त्या वस्तीत कोण कोण मोजले जाते, हे तपासावे असे मला वाटले.

गेली काही वर्षे मी अशा मेळ्यांची पत्रके, उरलेली कूपने आणि मंडळांचे छापील अहवाल जमवत आले आहे. मेळ्यांवर वर्तमानपत्रांत लिहिले जाते ते बहुधा चवीविषयी. कोणत्या स्टॉलवर काय खावे, गर्दी किती होती, पाहुणे कोण आले होते. पाककृतींवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. पण वस्ती एकत्र येऊन स्वयंपाक करते आणि त्यातून पैसा उभा करते, या घटनेकडे समीक्षेच्या नजरेने फारसे पाहिले गेलेले नाही. नाटकाचा प्रयोग किंवा प्रदर्शन पाहताना आपण विचारतो की हे कोणी, कोणासाठी आणि कोणाला वगळून उभे केले आहे. तेच प्रश्न मेळ्यालाही विचारता येतात.

तीन चाली

शहरी वस्तीत सामूहिक अन्नाच्या तीन चाली एकमेकींशेजारी नांदतात. पहिली वर्गणी आणि महाप्रसादाची. घरोघर पावतीपुस्तक फिरते, पैसा आधी जमतो, आणि मग भात-वरण-भाजी-बुंदीची पंगत बसते. दुसरी विक्रीची. पदार्थ घरून येतात, कूपनांवर विकले जातात आणि नंतर पैसा जमतो. तिसरी प्रदर्शनाची. एखादा समाज किंवा प्रदेश आपले अन्न इतर शहरासमोर मांडतो. मालवणी जत्रोत्सव, कोळी महोत्सव, बचतगटांच्या जत्रा या त्यातल्या.

पहिल्या चालीत खाणारा आणि देणारा यांचा संबंध पैशाने थेट जोडलेला नसतो. पाचशेची पावती फाडणारा आणि काहीच न देणारा एकाच पत्रावळीवर बसतो, निदान बसावा असा संकेत असतो. दुसऱ्या चालीत प्रत्येक घासाची किंमत ठरलेली असते. तिसऱ्या चालीत किंमत असते, आणि शिवाय 'आम्ही कोण' हे सांगण्याची निकडही असते. गेल्या दोन-तीन दशकांत शहराचा कल पहिल्या चालीकडून दुसरीकडे आणि तिसरीकडे झुकताना दिसतो. हे चांगले की वाईट, याचे सोपे उत्तर देण्याआधी पहिल्या चालीचा इतिहास पाहायला हवा, कारण तिच्याविषयी आपण फार लवकर हळवे होतो.

'सार्वजनिक' या शब्दाची परीक्षा

१८९३ साली पुण्यात लोकमान्य टिळकांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप देण्याचा पुरस्कार केला आणि त्याच वर्षी गिरगावातल्या केशवजी नाईकांच्या चाळीत मुंबईचा उत्सव सुरू झाला. राजेरजवाड्यांचा आश्रय नसलेल्या या उत्सवाला उभे राहायचे तर वर्गणी हाच आधार होता. म्हणजे आज आपण ज्याला लोकवर्गणीतून उभा केलेला निधी म्हणतो त्याचे शहरी वळण या उत्सवाच्या आधाराने पक्के होत गेले.

पण वर्गणी देणाऱ्याला मिळते काय? १९२६ साली दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात हा प्रश्न उघडपणे विचारला गेला. उत्सव स्वतःला सार्वजनिक म्हणवतो, तर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना मूर्तीच्या पूजेचा अधिकार का नाही? प्रबोधनकार ठाकरे यांनी हा प्रश्न लावून धरला; रावबहादूर बोले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचाही त्या प्रकरणाशी संबंध आला. दादरचा सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू झाला तो याच वादाच्या पार्श्वभूमीवर. पुढे १९२७ साली स्थापन झालेल्या समाज समता संघाने मुंबईत सहभोजने घडवली. एका पंगतीला बसणे ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती, तो जाहीर केलेला पक्ष होता.

हा इतिहास सांगायचे कारण असे की 'पूर्वी पंगत होती, आता स्टॉल आले, आपुलकी गेली' हे रडगाणे मला मान्य नाही. पंगतीलाही दार होते आणि त्या दारावर कोणीतरी उभे होते. स्टॉलवर निदान कूपन दाखवले की जात विचारली जात नाही. विक्रीच्या चालीचा हा मोठा गुण आहे आणि तो नाकारणे अन्यायाचे होईल. प्रश्न आहे तो हा की जुने दार गेल्यावर तिथे नवे कोणते दार बसले.

कूपनाचे तंत्र

मेळ्याचा कणा म्हणजे कूपन. दहा, वीस, पन्नासाची रंगीत चिटोरी, मागे मंडळाचा शिक्का. एकाच टेबलावर रोख पैसा घ्यायचा आणि स्टॉलवर फक्त कूपन चालवायचे, यामागे स्वच्छ हिशेबाचा हेतू असतो. रात्री स्टॉलवाली आपली कूपने मोजून देते आणि मंडळ आपला हिस्सा कापून तिला पैसे देते. न वापरलेली, मुलांच्या खिशात चुरगळून घरी गेलेली कूपने ही मंडळाची निव्वळ कमाई.

आता यातले अर्थशास्त्र एका कल्पित उदाहरणाने मांडते. आकडे माझे, समजण्यापुरते. समजा, एक बाई साबुदाणा वड्यांच्या शंभर प्लेटी करणार आहे. प्लेट पन्नास रुपयांना. सगळ्या खपल्या तर हाती ५,००० रुपये. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटे, तेल, दही यांचे २,२००. गॅस आणि कागदी प्लेटींचे ४००. मंडळाचा वाटा शेकडा वीस, म्हणजे १,०००. उरले १,४००. यासाठी ती आणि तिची जाऊ मिळून खरेदी, भिजवणे, कूट करणे, तळणे, उभे राहून विकणे आणि शेवटी भांडी घासणे असे प्रत्येकी चौदा तास राबल्या. अठ्ठावीस तासांना १,४०० रुपये, म्हणजे तासाला पन्नास. आणि वीस प्लेटी उरल्या तर? हाती ४,०००, मंडळाचे ८००, खर्च तोच २,६००, उरले ६००. तासाला एकवीस रुपये. तोटा झाला तो तिचा. मंडळाला मात्र तळणीची कढई न तापवता ८०० मिळालेच.

या वाट्याच्या पद्धतीत निदान एक न्याय होता : विक्री कमी झाली तर मंडळाचेही थोडे कमी होई. २०१६ साली यूपीआय आले आणि पुढच्या काही वर्षांत स्टॉलच्या टेबलावर चौकटीचौकटींचा कागद चिकटला. गिऱ्हाइकाचे पैसे थेट स्टॉलवालीच्या खात्यात जाऊ लागले. यात तिची सोय आहे, रात्री अकरापर्यंत कूपने मोजत बसावे लागत नाही. पण विक्री किती झाली हे मंडळाला कळेनासे झाले, आणि मग पत्रकावर ठोक भाडे आले : 'टेबल, दोन खुर्च्या, एक दिवा. भाडे आगाऊ.' पाऊस आला, शेजारच्या संकुलात त्याच दिवशी दुसरा मेळा निघाला, गर्दी फिरकली नाही, तरी भाडे गेलेच. जोखीम वाटून घेणारे मंडळ जागेचे मालक झाले. तंत्र बदलले की नाते कसे बदलते याचे इतके उघड उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

देणगीदारांच्या यादीत नसलेली बाई

दुसरा प्रकार याहून मार्मिक आहे. काही मेळ्यांत सारी विक्री 'चांगल्या कामाला' द्यायची असते : वाचनालय, एखाद्या शाळेची फी, कोणाचे तरी ऑपरेशन, आश्रमाला धान्य. इथे वर सांगितलेली बाई सगळे ५,००० मंडळाला देते. वर्षअखेरीच्या अहवालात ते येते ते असे : 'खाद्यमेळ्यातून उत्पन्न रु. ५,०००.' त्याच अहवालाच्या शेवटी देणगीदारांची यादी असते. त्यात हजार रुपयांचा धनादेश देणाऱ्या गृहस्थांचे नाव मानाने छापलेले असते. पदरचे २,६०० रुपये आणि अठ्ठावीस तास देणारीचे नाव असलेच तर 'सर्व महिला सभासदांचे आभार' या वाक्यात विरघळलेले असते.

माझ्याकडच्या अहवालांत मला हे पुन्हापुन्हा दिसले. त्यामागे लबाडी असते असे मी म्हणत नाही. हिशेब लिहिणाऱ्याच्या वहीत घरातून आलेल्या तेलाला आणि शेंगदाण्याला रकानाच नसतो. घरखर्चातून गेले ते गेले. ते खर्च म्हणून दिसत नाही, म्हणून मेळा नेहमी नफ्यात दिसतो. 'शून्य भांडवलात इतके उत्पन्न' असे एका अहवालात अभिमानाने लिहिले होते. भांडवल शून्य नव्हते. ते पंचवीस-तीस स्वयंपाकघरांत विभागलेले होते.

याच शहरात याच्या उलट विचार करणाऱ्या बायका होऊन गेल्या, हे विसरता कामा नये. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जत उभे राहिले. कोणाकडून देणगी घ्यायची नाही आणि लाटणारीला तिच्या कामाचे पैसे चोख द्यायचे, हे त्यांनी आरंभीच ठरवले होते. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. गिरणगावात कामगारांच्या खाणावळी चालवणाऱ्या बायका वाण्याच्या उधारीत आणि सावकाराच्या व्याजात अडकलेल्या होत्या. त्यांना बँकेचे कर्ज मिळवून देणे, म्हणजे त्यांच्या रांधण्याला धंदा म्हणून मान्यता मिळवणे, हा त्या कामाचा गाभा होता. दोन्ही ठिकाणी स्वयंपाकाला आधी काम म्हटले गेले. सेवेचा विचार त्यानंतर. आपल्या मेळ्यांत क्रम उलटा आहे. तिथे सेवा एवढी मोठी असते की तिच्या आड काम दिसतच नाही.

कायद्याचीही गंमत पाहावी. लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर नोंदणी नसलेल्या मंडळाला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते आणि हिशेब द्यावा लागतो. अन्नाच्या बाजूने २००६ चा अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियम आहे. त्याखालच्या २०११ च्या नियमावलीत तात्पुरता ठेला लावणारे आणि धार्मिक-सामाजिक समारंभांत अन्न वाटणारेही छोट्या अन्न व्यावसायिकांच्या व्याख्येत येतात. म्हणजे पैसा आणि अन्न दोन्हींवर नजर ठेवणारी व्यवस्था आहे. पण पत्रकाच्या अटींत बहुधा लिहिलेले असते की 'पदार्थाच्या दर्जाची व परवान्याची जबाबदारी स्टॉलधारकाची राहील'. नफ्याच्या रकान्यात मंडळ पुढे असते, जबाबदारीच्या ओळीत बाई.

'फक्त शाकाहारी'

पत्रकावर आणखी एक ओळ असते. ती कधी ठळक, कधी कंसात : फक्त शाकाहारी. वरवर पाहता ती सोयीची वाटते. सगळ्यांना चालेल ते ठेवावे. पण ही 'सगळ्यांची' व्याख्या तपासून पाहावी. मुंबई ही कोळ्यांची मूळ वस्ती. गिरणगाव वसले ते कोकण आणि घाटावरच्या माणसांनी. त्या घरांत रविवारी काय शिजते हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही मेळ्याच्या टेबलांवर 'महाराष्ट्रीय' म्हणून मांडले जाते ते पुरणपोळी, थालीपीठ, आळुवडी, मसालेभात आणि उकडीचे मोदक. मटणाचा रस्सा, सुकट, वजडी, मुंडी यांतले काही नाही. जे अन्न घरात चालते ते अंगणात चालत नाही.

शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली आले. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद त्यात आहे, आणि शीर्षकातच प्रश्न आहे. पूर्णब्रह्म म्हणून ज्या अन्नाचा श्लोक म्हणत आपण ताटावर बसतो त्या 'अन्ना'त कोणाकोणाचे अन्न धरलेले नव्हते? आपल्या मेळ्यांतल्या पाककला स्पर्धांचे निकाल पाहिले की हा प्रश्न जुना झालेला नाही हे कळते. १९२६ साली मूर्तीजवळ जे घडले त्याची सौम्य, सुसंस्कृत आवृत्ती आज मेन्यूत घडते. माणसाला आत घेतले जाते. त्याच्या घरातले पातेले बाहेर ठेवून.

म्हणूनच तिसऱ्या चालीकडे, प्रदर्शनाच्या मेळ्यांकडे, मी आस्थेने पाहते. वर्सोव्याच्या कोळी महोत्सवात किंवा उपनगरांतल्या मालवणी जत्रोत्सवांत टेबलामागे उभी असणारी बाई कोणाची परवानगी मागत नसते. मोठ्या तव्यावर सुरमई, बोंबील, कोलंबी, शेजारी तांदळाच्या भाकरी, आणि भाव तिने ठरवलेला. २०२२ साली माहीम कोळीवाड्यात समुद्रकिनारी बचतगटांच्या बायकांचे मासळीचे स्टॉल कायमचे सुरू झाले; वर्षातून दोन-तीन दिवस होणारी गोष्ट रोजची झाली. जत्रेतून रोजगाराकडे जाणारी ही वाट मोलाची आहे.

मात्र तिथेही टीकेला जागा आहे. प्रदर्शनाला एक सवय असते, ती समाजाला सणाच्या पोशाखात उभे करते. दागिने घातलेली कोळीण, नाच, बँजो, फोटो. बोंबील आवडीने खाऊन जाणाऱ्या पाहुण्याला बोंबील वाळवायच्या जागेचे काय झाले हे कळत नाही. किनारी रस्त्याच्या कामात होड्यांना जाण्यायेण्यासाठी दोन खांबांतले अंतर वाढवून द्या म्हणून वरळी कोळीवाड्याच्या मच्छीमारांना दीर्घकाळ झगडावे लागले, तेव्हा महोत्सवांना गर्दी करणारे शहर त्यांच्यामागे त्याच संख्येने उभे राहिले असे दिसले नाही. चवीचा आदर आणि हक्काचा आदर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेळा पहिला शिकवतो; दुसरा शिकवायचा तर ताटाशेजारी दोन ओळींचे पत्रक ठेवण्याचे धैर्य लागते.

चौक, फाटक आणि प्रायोजक

मेळ्याचे रूप जागा ठरवते. चाळीचा चौक चारी बाजूंनी उघड्या गॅलऱ्यांचा असे. वर उभी असलेली म्हातारीही मेळ्यात असे, काही न विकत घेता. पुनर्विकासानंतर चौकाची जागा पोडियमने घेतली. तिथे जायला लिफ्ट लागते, लिफ्टआधी फाटक आणि फाटकावर वही. मेळा आता 'रहिवासी व त्यांचे पाहुणे' यांच्यासाठी असतो. त्याच फाटकावर बारा तास उभा असणारा रखवालदार, सकाळी सहा घरची भांडी घासणारी बाई, कचरा नेणारा मुलगा हे वस्तीत रोज असतात. मेळ्याच्या वस्तीत नसतात. महाप्रसादाच्या पंगतीत त्यांना उशिरा का होईना जागा होती. साठ रुपयांच्या पावभाजीच्या कूपनाने ती गेली. मी म्हटले होते की जुन्या दाराच्या जागी नवे दार बसले. ते हे.

वर्गणीच्या जागी प्रायोजक आला, त्याचेही असेच. बिल्डर, खासगी शिकवणी, दागिन्यांचे दुकान, इच्छुक उमेदवार यांचे फलक लागले की मंडप, दिवे, ध्वनिक्षेपक यांचा खर्च निघतो. पावतीपुस्तक घेऊन शंभर घरांच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. पण त्या पायऱ्या चढताना कार्यकर्त्याला कळत असे की कोणत्या घरात आजारी माणूस आहे आणि कोणत्या घरात नोकरी गेली आहे. वर्गणी हे पैसे गोळा करण्याचे वाईट साधन होते, संथ आणि भांडणाचे. वस्ती ओळखण्याचे ते फार चांगले साधन होते. शिवाय ज्याने अकरा रुपये दिले तोही सभेत उठून हिशेब विचारू शकत असे. प्रायोजकाला हिशेबात रस नसतो. त्याचा हिशेब फलकावर पूर्ण झालेला असतो.

याला उत्तर म्हणून एक दृश्य याच शहरात दरवर्षी उभे राहते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या लाखोंसाठी शिवाजी पार्कच्या परिसरात संघटना, कर्मचाऱ्यांचे गट आणि साधी कुटुंबे अन्न वाटत असतात. भात, पुरीभाजी, बिस्किटे, पाणी. कूपन नाही, वही नाही, आणि खाणारा कुठून आला हे कोणी विचारत नाही. तिथे निधी जमत नाही, खर्च होतो. तरी सामूहिक अन्नाचा मोकळेपणा शहरात शक्य आहे याचा तो धडधडीत पुरावा आहे. तसेच शांतिनिकेतनात महालयेच्या दिवशी भरणारा 'आनंदबाजार' आठवतो : विद्यार्थी पदार्थ करून विकतात आणि मिळकत सेवाकार्याला जाते. विक्री आणि सेवा एकत्र नांदूच शकत नाहीत असे नाही.

काय करता येईल

मेळे बंद करावेत असे कोणत्याही शहाण्या माणसाला वाटणार नाही. कितीतरी बायकांची पहिली ऑर्डर अशाच टेबलावर मिळालेली असते. कितीतरी मुलांची फी, कितीतरी वाचनालयांची कपाटे यातून झाली आहेत. माझी मागणी हिशेबाची आहे आणि ती तीन कलमांत मावते. एक, घरातून आलेल्या सामानाची किंमत आणि कामाचे तास अहवालात लिहावेत, आणि ज्या बायका विक्री दान करतात त्यांची नावे देणगीदारांच्या यादीत, रकमेसह छापावीत. दोन, ठोक भाड्याऐवजी विक्रीवर वाटा ठेवावा आणि किमान मालखर्च निघेपर्यंत मंडळाने काही घेऊ नये, म्हणजे जोखीम दोघांत राहील. तीन, वस्तीत काम करणाऱ्यांना कूपने आधीच, मंडळाच्या खर्चाने द्यावीत, आणि कोणाचे पातेले आत येईल हे ठरवणारी ती कंसातली ओळ पत्रकावरून काढावी. ज्याला जे खायचे नाही त्याने त्या टेबलाशी जाऊ नये, एवढे पुरे आहे.

यातले काहीही अवघड नाही. पहिल्या कलमाला तर वहीत एक जादा रकाना आखण्यापलीकडे खर्च नाही. तो आखला की 'शून्य भांडवलात उत्पन्न' हे वाक्य पुन्हा कोणाला लिहिता येणार नाही, आणि पुढच्या सभेत निधी कशावर खर्च करायचा हे ठरवताना ज्यांचे ते भांडवल होते त्यांना मत विचारावे लागेल. आज त्या सभेच्या वेळी त्या बहुधा चहाच्या पेल्यांची मोजदाद करत असतात.